हद्दीवरचं घर

लायमन टटल आणि त्याची बहीण ऑर्फा यांच्या जमिनी एकमेकींना लागून होत्या, आणि घर एकच होतं. नेब्रास्काच्या आमच्या पठारावर त्या काळात बऱ्याच जणांनी असं केलं होतं. सरकारचं म्हणणं, फुकट जमीन हवी त्याने पाच वर्षं तिच्यावर राहून दाखवावं. पण दोन-दोन घरं बांधणार कशाची? लाकूड औषधालाही नव्हतं. मग भावाबहिणीने गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापले आणि बरोबर हद्दीवर एक लांबट घर उभं केलं. चूल, टेबल आणि लायमन आणि त्याची बायको डेल्फिया यांचं अंथरूण पश्चिमेला, लायमनच्या जमिनीत. पूर्वेला गोणपाटाच्या पडद्यामागे ऑर्फाची खाट. ती पडद्यामागे जाऊन झोपली की स्वतःच्या जमिनीत झोपली, आणि कायद्याचं समाधान झालं.

दोन्ही जमिनी कसायचा लायमनच. ऑर्फा त्याच्याबरोबर राबायची. हिशेब कधी कुणी मांडला नाही, कारण तशी वेळच आली नव्हती.

ऑर्फा तिशी ओलांडलेली. उंच, हाडापेराने मजबूत, गालांवर लहानपणीच्या देवीचे व्रण. तिकडे इंडियानात आजारी बापाचं करण्यात तिची लग्नाची वर्षं निघून गेली. बाप गेल्यावर लायमन म्हणाला होता, "तू चल आमच्याबरोबर. एकट्या बाईच्या नावावरही जमीन मिळते म्हणतात." ती आली. डेल्फियाची दोन्ही बाळंतपणं तिनेच केली. हाकेच्या अंतरावर दुसरी बाईच नव्हती.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. मका गुडघ्याएवढा होऊन थांबला आणि त्याची पानं विडीसारखी वळली. दक्षिणेचा वारा सुरू झाला की दिवसेंदिवस थांबायचा नाही. चुलीसाठी शेण्या गोळा करायला गेलेल्या ऑर्फाच्या ओठांना भेगा पडायच्या आणि संध्याकाळी मक्याची भाकरी काकवीत बुडवून खाताना त्या झोंबायच्या. पाणी आणायचं हॅस्केट नावाच्या शेजाऱ्याच्या ओढ्यावरून. पिंपं गाडीत घालून जायचं, अर्धा दिवस मोडायचा. हॅस्केटने त्या साली ओढ्याला कुंपण घातलं. त्याची गुरं पिऊन झाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला आत सोडायचा नाही.

गाडी दिसली की तो ओट्यावरून ओरडायचा, "टटल आले रे, ओढा उचलून घरात ठेवा."

त्याचे गडी हसायचे. लायमन खाली मान घालून लगाम बांधायचा. एकदा डेल्फिया कडेवर पोर घेऊन उन्हात ताटकळत उभी राहिली आणि शेवटी हॅस्केटच्या बायकोने तिला गढूळ पाण्याचा एक तांब्या आणून दिला, तोही पोराला. त्या दिवशी घरी आल्यावर डेल्फिया म्हणाली, "मी आता परत जाणार नाही. मेले तरी चालेल."

म्हणून लायमनने विहीर खोदणाऱ्याला बोलावणं धाडलं.

एनॉक प्रुइट आला तो खेचराच्या गाडीत. गाडीत रहाट, दोराची वेटोळी, आखूड दांड्याची फावडी. माणूस बुटका, चाळिशीचा, डाव्या हाताचं एक बोट नव्हतं, आणि बोलायला लागला की समोरच्याला हसू आवरणं कठीण. मजुरी ठरली एक कालवड आणि काम संपेपर्यंत जेवण.

"विहीर गोठ्याजवळ घ्यायची," लायमन म्हणाला. गोठा त्याच्या बाजूला.

एनॉकने पायाने माती उकरून बघितली. "घराच्या पूर्वेला जमीन जरा उतरती आहे. मी तिकडे घेतली असती."

"तिकडे नको."

"पाण्याला तुमची हद्द कोण दाखवणार, लायमन?"

"गोठ्याजवळ," लायमन पुन्हा म्हणाला.

गोठ्याजवळ खोदली. बरीच खोल गेल्यावर वाळू लागली. कोरडी, बारीक, पिठासारखी. फळ्या लावाव्यात तर फळ्यांमागून झिरपायची. एका दुपारी ती एनॉकच्या मांड्यांपर्यंत आली. लायमन आणि ऑर्फाने रहाट ओढून त्याला वर काढला तेव्हा त्याचा एक बूट खालीच राहिला होता.

"बूट तुमच्या जमिनीला दिला," काठावर बसून धापा टाकत तो म्हणाला. "आता ती काय देते बघू."

तिने काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने घराच्या पूर्वेला, ऑर्फाच्या जमिनीत, नवा खड्डा सुरू झाला.

लायमनला गवत कापायला जावं लागे. मका गेलेलाच होता, गवत तरी घरात आलं नसतं तर हिवाळ्यात जनावरं उपाशी मेली असती. त्यामुळे रहाटावर ऑर्फा एकटीच. खालून एनॉकने डोल भरला की दोराला झटका द्यायचा, आणि तिने रहाट फिरवून तो वर घ्यायचा, ओतायचा, परत सोडायचा. पहिल्या आठवड्यात तिच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, आणि मग तिथली कातडी खुराएवढी निबर झाली. एनॉकला वरखाली करायचं असलं की तो एक पाय डोलात ठेवून दोराला धरायचा, आणि त्याचं सगळं वजन तिच्या हातांवर यायचं. त्या वेळी ती कुणाशी बोलायची नाही, माशी उडवायची नाही.

खड्डा खोल गेला तसा त्याचा आवाज घुमत वर येऊ लागला.

"बाई, वर काय दिसतंय?"

"आभाळ."

"इथूनही तेच दिसतंय. पण बशीएवढं."

"ढग आहे का तुमच्या बशीत?"

"असता तर एकट्याने पिऊन टाकला असता."

डेल्फिया घरात कणीक मळताना हे ऐकायची. ऑर्फाला मोठ्याने हसताना तिने आजवर ऐकलं नव्हतं.

रोज सकाळी उतरण्याआधी एनॉक दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. ज्योत नीट राहिली तर खाली हवा चांगली. एका सकाळी ज्योत बारीक झाली, निळी पडली आणि विझली.

"थोडा वेळ गवताची पेंढी दोराला बांधून वरखाली करू, हवा हलेल, मग उतरतो," एनॉक म्हणाला.

"आज नाही."

"बाई, रोज जातो मी असल्या भोकांत."

"जात असाल. रहाट माझ्या हातात आहे. मी नाही सोडणार."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली आणि मातीच्या ढिगावर बसला. त्या दिवशी काम झालं नाही. त्याने दोराचे विरलेले पेड नव्याने गुंफले, आणि ती त्याच्या सदऱ्याच्या कोपराला ठिगळ लावत बसली. त्याची बायको लग्नानंतर वर्षभरात तापाने गेली होती, हे त्याने तेव्हा सांगितलं. त्यानंतर त्याने कुठेच घर केलं नव्हतं. "लोकांना पाणी लागलं की मी निघतो," तो म्हणाला. "कुठल्याच विहिरीचं दुसऱ्या दिवशीचं, निवळलेलं पाणी मी प्यालो नाही."

पाणी लागलं ते गवत आत आल्यावर. एनॉक वर आला तो कमरेपर्यंत चिखलाने माखून, दात थंडीने वाजत. त्याच्यामागून आलेल्या डोलात गढूळ, गार पाणी होतं. डेल्फिया गुडघ्यांवर बसली आणि ओंजळीने तोंडाला पाणी लावून रडायला लागली. पोरं एकमेकांच्या अंगावर उडवू लागली. लायमन पोटभर प्याला. मग बाहीने तोंड पुसत त्याने विहिरीकडे बघितलं, घराकडे बघितलं, आणि घराच्या मधोमध ज्या ठिकाणी हद्दीचा खुंट होता तिकडे बघितलं.

ऑर्फाने जेवणाच्या वेळी सांगितलं. एनॉक बाहेर खेचराला चारा घालत होता.

"प्रुइट मला विचारतोय. लग्नाचं."

डेल्फियाच्या हातातली पळी भांड्यातच राहिली. लायमन चावायचा थांबला नाही.

"आणि राहणार कुठे?"

"इथंच. माझ्या बाजूला घर बांधू म्हणतो. विहिरीजवळ."

"तू काय म्हणालीस?"

"तुझ्या कानावर घालते म्हणाले."

लायमनने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "हे बघ, मी आडवा येत नाही. पण जमीन तुला एकटी बाई म्हणून मिळालीय. अजून वर्ष राहिलंय. मधेच लग्न केलंस तर सरकार म्हणेल, ही आता एकटी राहिली नाही, द्या दुसऱ्याला. चार वर्षं हाडं मोडली ती फुकट जातील."

"असा कायदा आहे?"

"डुकरं विकायला गावात जाणारच आहे मी. जमिनीच्या कचेरीत विचारून येतो."

तो आणि डेल्फिया गाडी जुंपून गेले. पोरांना ऑर्फाने सांभाळलं. परत आले तेव्हा गाडीतून उतरण्याआधीच लायमन म्हणाला, "थांबावं लागेल. जमीन नावावर होईपर्यंत."

डेल्फिया सरळ आत गेली. तिने शालही न काढता पीठ चाळायला घेतलं.

एनॉकने ऐकून घेतलं. "मला जमीन नको, ऑर्फा," तो म्हणाला. आता तो तिला नावाने हाक मारत होता. "तू गाडीत बस. माझी गाडी चालते आहे तोवर आपण उपाशी मरणार नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. "आयुष्यात माझी म्हणून ही एकच वस्तू आहे. ती टाकून येऊ?"

"नको टाकूस. मी वसंतात येतो."

कालवड त्याने नेली नाही. "तुझ्याजवळ राहू दे, नंतर आपलीच," म्हणाला. खेचराची गाडी उत्तरेला दिसेनाशी होईपर्यंत ऑर्फा विहिरीच्या काठावर उभी होती.

हिवाळा बर्फाचा गेला. वसंतात बर्फ वितळल्या वितळल्या एनॉक खरंच आला. नवा सदरा घातला होता, दाढी केली होती. तो आला तेव्हा लायमन दारातच नांगराचा फाळ घासत बसला होता.

"सप्टेंबरात पाच वर्षं भरतात," लायमन म्हणाला. "एवढं थांबलात, आता एका उन्हाळ्याने काय बिघडतंय?"

एनॉकने ऑर्फाकडे बघितलं. "तू काय म्हणतेस?"

ती म्हणाली, "उन्हाळाच तर आहे."

हे तीच म्हणाली. पुढे आयुष्यभर लायमनचा राग येई तेव्हा रागाच्या तळाशी तिला आपलेच हे शब्द ऐकू यायचे.

एनॉक हसला. "ठीक आहे. वर जर्मन लोकांची नवी वस्ती बसतेय, त्यांना चार-पाच विहिरी हव्यात. त्या खोदून येतो." त्याने विहिरीतून एक डोल काढला, तोंड लावून पाणी प्याला, आणि म्हणाला, "निवळलंय की." मग गेला.

उन्हाळा अर्धा उलटला असेल. ऑर्फा मक्याच्या ओळींत खुरपत होती. त्या साली पाऊस बरा होता. उत्तरेकडून एक म्हातारा पायी येताना दिसला, हातात खेचराचा दोर. खेचर तिने लांबूनच ओळखलं. गाडी मागे नव्हती.

म्हातारा जर्मन होता, इथली भाषा त्याला धड येत नव्हती. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"टटलबाई?"

"मीच."

"प्रुइट बोलत होता, हे खेचर टटलबाईंचं. मला काही झालं तर. हसून बोलत होता." तो थांबला, शब्द शोधू लागला. "खाली वाईट हवा होती. आम्हाला कळलं नाही. माझा जावई रहाटावर. तो नवा आहे. प्रुइट म्हणाला, सोड, कालपर्यंत चांगली होती. तो सोडला. मग दोर हलला नाही."

"कंदील?" ऑर्फाने विचारलं. "कंदील आधी सोडला नव्हता?"

म्हाताऱ्याने नाही अशी मान हलवली. "त्या दिवशी घाई होती. प्रुइट म्हणाला, ही शेवटची विहीर. संपली की मी मोकळा."

ऑर्फाने त्याच्या हातातून दोर घेतला. खेचराला विहिरीपाशी नेलं आणि पाणी काढून पाजलं. म्हाताऱ्यालाही पाणी दिलं, जेवायला घातलं. तो जाईपर्यंत ती नीट वागली. नंतर पुन्हा शेतात गेली आणि अंधार पडेपर्यंत खुरपत राहिली. डेल्फिया बोलवायला आली तेव्हा तिला दिसलं, ऑर्फा तणाबरोबर मकाही उपटत होती. अख्खी ओळ आडवी पडली होती.

"चल घरात," डेल्फियाने तिच्या खांद्याला धरलं.

"मी त्याला सोडलं नव्हतं," ऑर्फा म्हणाली. "त्या दिवशी मी त्याला खाली सोडलं नव्हतं, डेल्फिया."

डेल्फिया तिथेच मातीत बसली. तिला काहीतरी सांगायचं होतं.  पण ती मक्याची आडवी पडलेली ताटं गोळा करत राहिली.

सप्टेंबरात जमीन ऑर्फाच्या नावावर करायला लायमनने गाडी जुंपली. साक्षीला दोन शेजारी लागत, त्यांतला एक हॅस्केट होता. टटलांना ओढ्याची गरज उरली नाही तेव्हापासून तो गोड बोलायला लागला होता. कचेरीत एक चष्मेवाला कारकून बसला होता. त्याने घर किती मोठं, जमीन किती फोडली, मधे कधी सोडून गेलात का, असं एकेक विचारलं. साक्षीदारांनी माना डोलवल्या.

"लग्न झालंय?"

"नाही," ऑर्फा म्हणाली. "त्यासाठीच थांबले होते."

कारकुनाने वर बघितलं. "कशासाठी?"

"लग्न केलं असतं तर जमीन गेली असती ना."

"छे. अर्ज केला तेव्हा एकट्या होतात, तेवढं पुरतं. नंतर लग्न झालं तरी बाई जमिनीवर राहत असली म्हणजे झालं." त्याने टाक दौतीत बुडवला आणि टाकानेच लायमनकडे दाखवलं. "मागल्या साली हे विचारायला आले होते, यांना सांगितलं होतं की मी. सोबत यांची मंडळीही होती."

हॅस्केट खिडकीबाहेर बघायला लागला. लायमन हातातल्या टोपीची कड गोल गोल फिरवत होता. ऑर्फाने सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

परतीच्या वाटेवर साक्षीदार आपापल्या वाटेने गेल्यावर लायमन बोलायला लागला.

"मला वाटलं, नवखा माणूस. चार दिवस राहील, विहीर, जमीन विकून तुला घेऊन जाईल, नाहीतर टाकून जाईल. वर्षभर थांबला तर खरा, असं मनात होतं."

ऑर्फा घोड्यांच्या कानांकडे बघत होती.

"मरेल असं कुणाला ठाऊक होतं?"

मग ती म्हणाली, "तुला जमीन हवी होती तर मागायचीस, लायमन. मी दिली असती."

त्याने लगाम झटकला. वारा नव्हता, चाकांचा आवाज तेवढा होता.

डेल्फिया धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. ऑर्फाचा चेहरा बघून तिने पोराला खाली ठेवलं.

"तुला ठाऊक होतं," ऑर्फा म्हणाली.

"हो."

"मका उपटत होते त्या दिवशीही."

"हो." डेल्फियाने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. "तू वेगळी झाली असतीस. त्याची झाली असतीस. इथं मला दुसरं कोण आहे, ऑर्फा? वाऱ्याशी बोलू? मला वाटलं, एवढं एक वर्ष... एवढं एक वर्ष तू माझी राहशील."

तिला तोडून बोलणं ऑर्फाला जमलं नाही. लायमनवर राग धरता आला, हिच्यावर धरता येईना, आणि क्षमाही करता येईना. ती पडद्यामागे गेली आणि सामान बांधायला लागली. फार काही नव्हतंच.

आठवड्याभरात ती कचेरी होती त्या रेल्वेच्या गावी जाऊन जमीन लायमनच्या नावावर करून आली. कारकुनाने विचारलं, मोबदला काय लिहू, तर म्हणाली, "काही नाही. भाऊ आहे." ती गावी निघाली तेव्हाच लायमन दारात येऊन म्हणाला होता, "हे नको करूस, ऑर्फा. हॅस्केटला वीक, कुणालाही वीक." ती म्हणाली, "तुझ्याचसाठी होती ती. घे आता." आवाज चढला नव्हता. परत आल्यावर तिने कालवड डेल्फियाच्या पोरांना ठेवली, खेचराला खोगीर घातलं आणि निघाली. रेल्वेच्या गावात एका खानावळीत तिला स्वयंपाकाचं काम मिळालं. कुणी म्हणत, ती वर्षातून एकदा जर्मन वस्तीकडे जाऊन येते. तिथे ती काय करते, कुणाला भेटते, हे कुणी विचारलं नाही.

लायमनच्या जमिनीला पुढे चांगली वर्षं आली. मका डोक्यावर गेला, गहू आला, लाकडी घर झालं. पण पूर्वेकडच्या तुकड्यात त्याने नांगर घातला नाही. पहिल्या साली लोकांना वाटलं, विसावा देतोय. दुसऱ्या साली तण माजलं. मग हळूहळू तणाला मागे सारून पठाराचं जुनं गवत परत आलं, आणि नांगराच्या सऱ्या होत्या की नव्हत्या तेही दिसेनासं झालं. पाणी तिथूनच येत होतं. डेल्फिया आणि पोरं आणायची. लायमन आपल्या हाताने कधी डोल ओढताना दिसला नाही.

हॅस्केटने एकदा विचारलं, "अरे, एवढी चांगली जमीन पडीक ठेवतोस, मला तरी खंडाने दे."

"माझी नाही ती," लायमन म्हणाला.

"कागद तुझ्या नावाचा आहे की."

"आहे खरा," लायमन म्हणाला, आणि दुसरं काही बोलायला लागला.

त्या संध्याकाळी डेल्फियाने जेवताना त्याला विचारलं, "कुणासाठी ठेवलीयस? ती यायची नाही."

लायमन भाकरी मोडत होता. "ठाऊक आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू तिला भेटून का येत नाहीस? गाडी जुंपून देतो."

"गेले होते मी, मागल्या सुगीत. तुला सांगितलं नाही." डेल्फियाने पोरांच्या ताटल्या गोळा केल्या. "तिने खुर्ची दिली. कॉफी केली. पोरांची नावं घेऊन एकेकाचं विचारलं. मग म्हणाली, निघ आता, अंधार व्हायच्या आत पोचशील."

"आणि माझं?"

डेल्फियाने दिव्याची वात जरा कमी केली.

"तुझं नाही विचारलं," ती म्हणाली.